मागचा लाल दिवा

शनिवार

हिने आज ही वही माझ्या पुढ्यात आपटली आणि म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय ना, ओरडलात की रक्तदाब चढतो? मग जे ओरडावंसं वाटेल ते यात लिहा. प्रवासात ऐकून घ्यायला मी नसणार." म्हणजे आजवर ती ऐकून घेत होती असा तिचा समज आहे!

तर लिहितो. पहिला राग घड्याळ्यावर. घड्याळ्या म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या समोरच त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. रोज सकाळ-संध्याकाळ माझ्याकडे चहाला यायचं, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बूड टेकायचं आणि माझ्या शिकाऊ मंडळींची टिंगल करायची, हा त्याचा वर्षानुवर्षांचा नेम. या शहाण्याने गेल्या महिन्यात दुकान विकून टाकलं. भिंगासकट, हत्यारांसकट. मला विचारलं नाही की सांगितलं नाही. का रे बाबा? तर म्हणे, "हल्ली घड्याळं घालतं कोण? आणि स्क्रू सांडतात रे. अर्धा दिवस टेबलावर चाचपडण्यात जातो." स्क्रू सांडतात म्हणून कुणी दुकान विकतं का? उद्या मी म्हणेन, शिकाऊ लोक गाडी खांबाला ठोकतात, विकतो स्कूल.

आणि आता हेच महाशय म्हणतात, चल, मोटरसायकलवरून ज्वालामुखीच्या मुलखात जाऊ, म्हाताऱ्याचं तोंड बघून येऊ. म्हातारा म्हणजे तिकडचा सगळ्यात मोठा डोंगर. त्याच्या माथ्यावरच्या खड्ड्यात दिवस मावळताना लाल उजेड दिसतो. भूगोलाच्या पुस्तकात चित्र होतं, त्यावर आम्ही दोघांनी तेव्हाच शपथा घेतल्या होत्या. मी म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ, उन्हाळ्यात स्कूल थंड असतं. तर म्हणाला, "पुढच्या वर्षी नाही. आत्ता." इतका हट्टाला पेटलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. रिकामं मन, दुसरं काय.

बरं, नियम म्हणजे नियम. माझ्याकडच्या अक्षरांच्या तक्त्याची शेवटची ओळ वाचल्याशिवाय मी कुणाला हँडल धरू देत नाही, मग तो कुणी का असेना. तक्ता भिंतीवर तोच, स्कूल उघडलं तेव्हाचा. आज गंमत म्हणून घड्याळ्याला दारात उभं केलं. पठ्ठ्याने घडाघडा म्हटलं, "र, प, न, क, त, ग." श्वाससुद्धा घेतला नाही. आयुष्यभर भिंगातून बघणाऱ्याचे डोळे लवकर जातात म्हणे. आमचा अपवाद दिसतोय. मला मेल्याला चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचता येत नाही.

त्या तक्त्याची एक घडीची प्रत बॅगेत टाकली आहे. वाटेत कुणी फुशारक्या मारणारा भेटला तर जिरवायला बरी पडते.

सोमवार

निघालो एकदाचे. माझी गाडी बघायला अर्धी गल्ली जमली होती. पंचवीस वर्षं जुनी, पण आवाज ऐकावा. मागची सीट काढून मी स्वतः लोखंडी कॅरिअर वेल्डिंग करून घेतलाय, सगळं सामान त्यावर. घड्याळ्याची गाडी नवी, लांब सीटची, त्याच्यासारखीच गुळगुळीत.

त्याची ताई फाटकापर्यंत आली. हा अविवाहित, ती त्याच्याहून मोठी, दोघं एकत्र राहतात. लहानपणी आम्हा दोघांनाही तिच्या हातचा मार मिळालाय, म्हणून माझीही ती ताईच. मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्याला पुढे घालू नकोस हं, मागेच असू दे. अलीकडे घरात फार ठेचकाळतो. परवा स्टुलावर आपटला. काही विचारलं की खेकसतो." मी म्हटलं, ताई, आपण सगळेच म्हातारे झालो. ती हसली नाही.

पुढे मी, मागे तो. मागच्याने पुढच्याचा लाल दिवा सोडायचा नाही आणि पुढच्याने आरशात मागच्याचा हेडलाइट बघत राहायचं. स्कूलमध्ये मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. नवल म्हणजे घड्याळ्याने वाद घातला नाही. एरवी मी पुढे म्हटलं की याच्या पोटात दुखायचं. आज म्हणतो कसा, "तू गुरू, मी चेला. फक्त मागचा दिवा दिवसाही चालू ठेव." मी म्हटलं, बॅटरी काय तुझा बाप भरून देणार? तरी ठेवला चालू.

मंगळवार

आजचा राग: हॉर्न. साहेबांची नवी फर्माईश. डावं वळण आलं की एक हॉर्न, उजवं आलं की दोन, खड्डा आला की लांब एक. मी म्हटलं, मी काय बँडवाला आहे? तर म्हणाला, "मला रस्त्याकडे बघत बसायचं नाहीये रे, मला डोंगर बघायचेत. तू सांग रस्ता." आहे की नाही मिजास! पण त्याची एक लकब मला ठाऊक आहे, तो कधी कुणाला "प्लीज" म्हणत नाही. आज म्हणाला. मग दिवसभर पों पों करत आलो. तोही मागून उलट पों करतो, ऐकलं म्हणून.

ऊन कलायच्या आत मुक्काम करायचा ही दुसरी फर्माईश. चार वाजले की याला लॉज हवं. म्हणे कंबर दुखते.

लॉजच्या जेवणघरात शिरलो तर हा दारातच खांबासारखा उभा. आत अंधारच होता जरा. मागून एक बाई थाळ्या घेऊन खोळंबली, तरी हलेना. "चल ना, आरती ओवाळायची का तुला?" म्हटलं तर माझ्या खांद्यावर हात ठेवून मागोमाग आला. इतकं प्रेम लग्न झालेल्या माणसाच्या अंगावर येतं. शेजारच्या टेबलावरच्या एकाने ओळख करून घ्यायला हात पुढे केला, त्याच्याकडे घड्याळ्याने ढुंकूनही बघितलं नाही. बिचाऱ्याने तो हात केसांतून फिरवून घेतला. दुकान विकल्यापासून माणूस माजलाय.

गुरुवार

आज ज्वालामुखीचा मुलूख लागला. हिला फोनवर सांगता येईना, इथे प्रयत्न करतो. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर काळा खडक. आधी वितळून वाहिला आणि मग वाहता वाहता गोठला, त्याच्या घड्यासुद्धा तशाच. मधूनच रस्त्याच्या कडेला वाफ निघते. खडकावर कुठे पिवळं गंधक, कुठे शेवाळ इतकं हिरवं की खोटं वाटावं. एक तळं दिसलं खाली, पोपटी रंगाचं, त्यात एकही पाखरू नाही. पाखरू तर दिवसभरात कुठेच नाही. गंधकाचा वास मात्र भरपूर, कुजक्या अंड्यांचा.

मी गाडी थांबवून ओरडलो, "घड्याळ्या, तळं बघ!" तो बराच वेळ मान इकडेतिकडे करत राहिला, कोंबडी करते तशी. मग म्हणाला, "सांग ना कसं आहे. तुझ्या शब्दांत सांग." मी म्हटलं, समोर आहे की ढळढळीत. तर म्हणाला, "तू चांगलं सांगतोस." मला? चांगलं सांगतो? उभ्या आयुष्यात मला हे कुणी म्हटलं नाही. संशय आला, पण सांगितलं. पोपटी म्हटलं, काठाला पांढरी किनार म्हटलं, वर धूर म्हटलं. त्याने डोळे मिटून ऐकलं. समोर तळं असताना डोळे मिटतो हा!

पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणाला, तुम्ही वर निघालात, बाकीचे खाली येताहेत. म्हातारा खोकतोय म्हणे या आठवड्यात. मी म्हटलं, माझा सासराही खोकतो, दहा वर्षं झाली.

शनिवार

आज आधी चहा घेतला आणि मग वही उघडली.

दुपारी धुकं आलं, त्यात धूर मिसळलेला. मी पुढे, तो मागे. एका फाट्यावर एक लॉरी माझ्या नि त्याच्या मध्ये घुसली, एकच मागचा दिवा चालू असलेली. मी उजवीकडे वळलो, दोन हॉर्न दिले. थोड्या वेळाने आरशात पाहतो तर घड्याळ्या नाही. थांबलो. आला नाही. परत मागे गेलो. लॉरी फाट्यावरून दगडाच्या खाणीत उतरली होती, आणि हा शहाणा तिच्या मागोमाग खाणीत! खाण म्हणजे सरळ तुटलेला कडा, कठडा नाही, काही नाही. लॉरीचा ड्रायव्हर खाली उतरून याला शिव्या घालत होता. याचं पुढचं चाक कड्यापासून इतकं जवळ होतं की मी त्याला हाक मारायलाही घाबरलो. दचकला असता तर?

मी गाडी धरून मागे ओढली आणि मग तोंड सोडलं. "डोळे काय घरी ठेवून आलास? माझा दिवा आणि लॉरीचा दिवा कळत नाही?" तो खाली बसला. चेहरा पांढराफटक. म्हणाला, "लाल दिवा सोडायचा नाही असं तूच म्हणालास ना." आणि हसला. मला त्याच्या हसण्याचा इतका राग आला की मुक्कामापर्यंत त्याच्याशी बोललो नाही.

बोललो नाही, पण प्रत्येक वळणाला हॉर्न दिला.

माणूस गाडी कशी चालवतो हे मी त्याच्या कोपरावरून सांगतो, अशी माझी ख्याती आहे. घड्याळ्याची कोपरं ठणठणीत आहेत. मग चुकतंय कुठे? त्याच्या डोक्यात काहीतरी चाललंय. ताईला फोन करावा का? नको, काळजी करत बसेल.

रविवार

म्हाताऱ्याच्या खांद्यावरच्या गेस्ट हाउसवर पोचलो. आम्ही दोघंच पाहुणे. मॅनेजर भला माणूस, बायको आणि सासू यांच्यासकट इथेच राहतो. त्याने अर्ध्या दरात मोठी खोली दिली, वर म्हणाला, "नळाचं पाणी जपून वापरा, थंडच्या नळालाही गरम येतंय दोन दिवस." मी म्हटलं वा, गिझरचा खर्च वाचला. त्याची सासू काही हसली नाही, ती सामानाची गाठोडी बांधत होती.

दुपारी गंमत केली. इथला आचारी स्वतःची मोटरसायकल मिरवत होता, खटारा आहे, एक डोळा मारल्यासारखा हेडलाइट. म्हटलं, ये, तुझी परीक्षा घेतो. तक्ता भिंतीला लावला. शेवटच्या तीन ओळी त्याला वाचता येईनात. मी त्याला सुनावलं, "तू रस्त्यावर येऊ नकोस बाबा, लोकांचा जीव घेशील." घड्याळ्या हसून हसून बेजार झाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतकं हसण्यासारखं मी काही बोललो नव्हतो.

मग तो मॅनेजरला खोदून खोदून विचारत बसला, वर तोंडापर्यंतचा रस्ता कसा आहे म्हणून. मॅनेजर म्हणाला, "खाली पिवळी कमान आहे ना, तिथे डावीकडे वळलं की उतार, चौकीपर्यंत. आणि कमानीतून सरळ गेलं की वर. वळण एकही नाही. दोन्ही कडांना पांढरे दगड रंगवलेत." "शेवटी कठडा आहे?" "होता. मागच्या पावसात पडला." उद्या सकाळी वर जायचं ठरलं.

आता जे लिहायचंय ते लिहवत नाही. पण दुसरं करू तरी काय.

दिवस मावळला तसे आम्ही अंगणात आलो. आणि म्हाताऱ्याच्या तोंडावर लाल चढायला लागलं. आधी कडेला थोडं, मग ढगाच्या पोटाला खालून. इतक्या वर्षांचं पुस्तकातलं चित्र! मी म्हटलं, "घड्याळ्या, बघितलंस?" तो म्हणाला, "बघतोय रे. काय लाल आहे!" मी त्याच्याकडे वळलो. तो डोंगराकडे पाठ करून उभा होता. तोंड फाटकाकडे. फाटकात मॅनेजरची जीप उभी होती, मागचा दिवा लागलेला. तो जीपच्या दिव्याकडे बघत होता.

मॅनेजरने जीप आत घेतली, दिवा दिसेनासा झाला. घड्याळ्या म्हणाला, "विझला का रे?"

मी खोलीत आणलं त्याला, खिडकीशी उभं केलं. म्हटलं, जरा पुन्हा तक्ता वाच. तो म्हणाला, "आता? खूळ लागलं का तुला?" मी म्हटलं, वाच. आणि तक्ता धरला. त्याने मान ताठ केली आणि म्हटलं, "र, प, न, क, त, ग."

मी तक्ता उलटा धरला होता. त्याच्या तोंडासमोर कागदाची कोरी पाठ होती.

रोज दोन वेळा माझ्या टेबलावर बसून चहा पिणाऱ्या माणसाला माझा तक्ता पाठ नसेल तर कुणाला असेल? इतक्या वर्षांत मी तो एकदाही बदलला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"काचबिंदू," तो म्हणाला. "कळलं तेव्हा उशीर झाला होता. गेलेलं परत येत नाही. कडेचं सगळं संपलंय. मध्ये किल्लीच्या भोकाएवढं उरलंय, तेही धुरकट. तुझा लाल दिवा दिसतो तेवढ्यातून. बाकी हॉर्नवर भागवलं. हॉर्नवर आणि तुझ्या शिव्यांवर."

मी ओरडलो. वहीत नाही, तोंडाने. "कुणाचं पोर आडवं आलं असतं म्हणजे? सांग ना! कुणाची आई आली असती म्हणजे?" तो खाली मान घालून बसून राहिला. मी त्याच्या गाडीची चावी काढून घेतली. म्हटलं, उद्या वर-बीर काही नाही, जीपने खाली जायचं, तुझी गाडी लॉरीत घालून आणू. बरं म्हणाला.

पलंगावर आडवा होत म्हणाला, "मग आता तू सांग. ते लाल कसं होतं?"

मी म्हटलं, आत्ता नाही. डोकं फिरलंय माझं. उद्या सांगतो.

सोमवार, दुपारी, चौकीवर

सकाळी जाग आली ती खिडकीवर वाळू टाकल्यासारख्या आवाजाने. राख पडत होती. उजाडलं होतं आणि उजाडलं नव्हतं, असा उजेड. जमीन एकदा हलली, कपाटावरचा पेला खाली आला. मॅनेजर धावत आला, "निघा, चौकीवरून फोन आलाय, थोड्या वेळात रस्ता बंद करताहेत."

जीपमध्ये बायको, सासू, दोन नोकर, गाठोडी. मॅनेजर म्हणाला, "एक माणूस कसाबसा बसेल. यांना बसवा." म्हणजे घड्याळ्याला. घड्याळ्या म्हणाला, "मला गाठोड्यावर बसवून नेणार? नाही. चावी दे. तुझ्या मागेच यायचंय ना? आठवडाभर आलो, अजून एक उतार."

आता सगळं खरं लिहितो. त्याची सीट लांब होती. त्याच्या गाडीवर मी पुढे आणि तो मागे, असे दोघं सहज आलो असतो. माझी गाडी तिथे टाकावी लागली असती, एवढंच. मी माझ्या गाडीकडे बघितलं. तिच्यावर राख साचत होती. पंचवीस वर्षं मी तिला पावसात ठेवली नाही. घड्याळ्या माझ्याकडे बघत नव्हता, पण ओळखलं त्याने. म्हणाला, "तुझी म्हातारी इथे सोडवेल का तुला? दे चावी." मी त्याला जीपमध्ये कोंबायला हवं होतं. गचांडी धरून कोंबायला हवं होतं. मी चावी दिली.

निघताना म्हणाला, "दिवा चालू आहे ना?" मी म्हटलं, आहे. म्हणाला, "मग झालं तर."

जीप पुढे गेली. मग मी, मग तो. दर वळणाला हॉर्न दिला, दर वेळी मागून उलट हॉर्न आला. हेल्मेटच्या काचेवर राख, तोंडात राख. पिवळी कमान अंगावर आली तेव्हाच दिसली. डावीकडे वळायचं, म्हणून एक हॉर्न दिला. मागून एक आला. स्पष्ट आला. मी वळलो. आरशात दिवा होता, थोडा लांब, पण होता.

त्यापुढच्या वळणांना उलट हॉर्न आला नाही. मला वाटलं, राखेत ऐकू येत नसेल. दिवा होता ना आरशात! मी हळू केलं की तो हळू व्हायचा. एकदाही चुकला नाही. मी मनातल्या मनात म्हणत होतो, शाबास, शाबास लेका, आता थोडंच राहिलं. खाली पोचलो की आधी याच्या थोबाडीत देईन आणि मग त्या लालबद्दल सगळं सांगेन. कसं सांगायचं तेही जुळवत होतो.

चौकीवर थांबलो. तो मागे येऊन थांबला. हेल्मेट काढलं. आचारी होता.

"तू?" मी म्हटलं. "माझा माणूस कुठाय?"

"ते कमानीपाशी बाजूला थांबले होते," आचारी म्हणाला. "मी गॅस बंद करून शेवटी निघालो ना, मला आवाजावरून ओळखलं त्यांनी. हात करून म्हणाले, तू हो पुढे. त्याच्या मागेमागे राहा, लाल दिवा सोडू नकोस. आरशात दिवा दिसला नाही तर तो परत फिरेल, तापट माणूस आहे. मी म्हटलं, आणि तुम्ही? तर म्हणाले, मी येतो बघून. मला वाटलं तुमचं ठरलं असेल."

काय बघून, हे आचाऱ्याने विचारलं नाही. मला विचारायची गरज नाही.

माझे डोळे चांगले आहेत. लांबचं अजून लख्ख दिसतं. आणि सबंध उतारभर मी दुसऱ्याच माणसाचा दिवा बघत आलो. खाणीत मी त्याला काय काय बोललो होतो!

मी परत वर निघालो. चौकीदाराने आडवा बांबू टाकला होता, तो उचलून गेलो. दुसऱ्या वळणावर गाडीच्या नरड्यात राख गेली आणि ती बंद पडली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. लाथा घातल्या तिला. चौकीदार आणि आचारी येऊन मला आणि तिला ढकलत खाली घेऊन आले.

सोमवार, संध्याकाळ

वरून कुणी आलेलं नाही. चौकीदार म्हणतो, सकाळपर्यंत कुणाला सोडता येणार नाही. राख थोडी कमी झाली आहे, पण डोंगर दिसत नाही. मधूनच गडगडतं, तेव्हा चौकीच्या काचा वाजतात.

येईल. रस्ता सरळ आहे, वळण एकही नाही, कडांना पांढरे दगड आहेत. जसा गेला तसा येईल. फक्त कमानीपाशी त्याला उजवीकडे वळायचंय आणि तिथे दोन हॉर्न द्यायला कुणी नाही.

काल फक्त लाल म्हटलं असतं, ढगाच्या पोटाला खालून लागलेलं लाल, कडेला जरा केशरी, तर काय बिघडलं असतं माझं? पोपटी तळं सांगितलं होतं की. दोन वाक्यांचं काम होतं.

ताईचा फोन दोनदा वाजून गेला. आता आला की उचलणार आहे. काय सांगायचं ते ठरलेलं नाही.

मघाशी गाडी ढकलत रस्त्याच्या मधोमध नेली आणि उलटी उभी केली, मागची बाजू डोंगराकडे करून. काच पुसली. चावी फिरवून लाल दिवा लावला. हॉर्नही वाजवतोय मधूनमधून, दोन दोन. चौकीदार बाहेर येऊन म्हणाला, "अहो, बॅटरी उतरेल. आणि एवढ्याशा दिव्याने या राखेत काय दिसणार?"

मी म्हटलं, राहू दे. त्याला तेवढंच दिसतं.